विनंती थांबा

आमच्या समितीची पहिली बैठक अडीच तास चालली. त्यातले दोन तास फ्लेक्सवर काय लिहायचं यात गेले. काम साधं होतं. कारखान्यांत नुकतेच सेफ्टी ऑफिसर म्हणून लागलेल्या मुलामुलींना महिन्यातून एकदा भेटायचं, त्यांच्या अडचणी ऐकायच्या, जमेल तो आधार द्यायचा. पण त्यांना म्हणायचं काय? 'ज्युनियर' म्हटलं तर त्यांना लागेल. 'तरुण' म्हटलं तर चाळिशीत डिप्लोमा करून या लाइनीत आलेल्या माजी सैनिकाने कुठे जायचं? 'शिकाऊ' हा शब्द ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवरच शोभतो. शेवटी 'नवोदित' मंजूर झालं. फ्लेक्स लागला : 'जुनी सांगवी, नवोदितांचा मेळावा, दुसरा रविवार, सकाळी 10.' 'सुरक्षा' हा शब्द खाली बारीक अक्षरांत गेला, कारण वर अध्यक्षांचा फोटो बसवायचा होता.

मराठीत नवोदित फक्त कवी असतात, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या रविवारी अकरा सेफ्टी ऑफिसर आले, आणि बारावे एक सत्तरीचे गृहस्थ. अंगात झब्बा, काखेत वही. पहिल्या रांगेत बसून त्यांनी हॉट वर्क परमिटवरचं पाऊण तासाचं व्याख्यान मन लावून ऐकलं. वेल्डिंगची ठिणगी 35 फुटांपर्यंत जाऊ शकते, म्हणून तेवढा परिसर आधी मोकळा करायचा, असं वक्ते म्हणाले तेव्हा त्यांनी "वा!" अशी मोठ्याने दाद दिली. आमच्या क्षेत्रात दाद मिळायची सवय नाही. वक्ते गडबडले आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं. शेवटी गृहस्थांनी हळूच विचारलं, "माझा नंबर कितवा?"

ते एसटीतून निवृत्त झालेले वाहक निघाले. नव्या सांगवीत राहतात, कविता करतात. आम्ही माफी मागितली. त्यांनी चहा घेतला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आले. "इथे कुणी कविता ऐकवत नाही," असं कारण त्यांनी दिलं.

मी स्वतः या समितीत आले ती माझ्या जिभेमुळे. त्याआधी, आता मेळावा भरतो त्याच सभागृहात एका जुन्या सहकाऱ्याचा सत्कार होता. मागच्या दारासमोर गणेश मंडळाचं मखर, दोन ढोल आणि खुर्च्यांची उंच चळत होती. सवयीने तोंडून गेलं, "आग लागली तर बाहेर पडायचं कुठून?" सत्कारमूर्ती म्हणाले, "अशीच माणसं आपल्याला हवीत." आपल्याकडे चूक दाखवणाऱ्याला ती निस्तरायची शिक्षा मिळते. मी सदस्य झाले. मखर तिथेच राहिलं. फरक इतकाच, की आता ते दर महिन्याच्या इतिवृत्तात 'विचाराधीन' म्हणून येऊ लागलं.

सेफ्टीच्या कुठल्याही व्याख्यानात एक त्रिकोण असतो. हाइन्रिश नावाच्या, विमा कंपनीत काम करणाऱ्या अमेरिकन गृहस्थांनी 1931 साली तो मांडला. टोकाला एक गंभीर अपघात, त्याखाली 29 किरकोळ, आणि पायाशी 300 अशा घटना, ज्यांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पुढच्या अभ्यासकांनी या आकड्यांवर पुष्कळ शंका घेतल्या, पण आमच्या स्लाइडवरून त्रिकोण हलला नाही. समितीत काही महिने काढल्यावर मला तो पटायला लागला. 300 कप चहा, 29 ठराव आणि एक काम. ते एक काम कुठलं, हे मात्र बरेच दिवस सापडत नव्हतं.

ही मुलं येतात कुठून? लातूर, नांदेड, जळगाव, अमरावती. राहतात सांगवीत, पिंपळे गुरवात, कॉट बेसिसवर. एका खोलीत चौघं, त्यांतला एक फर्स्टला, एक नाइटला, त्यामुळे खोलीत दिवा कधी लावायचा यावरही वाटाघाटी. मुळेच्या पलीकडे औंध दिसतं. तिथलं भाडं परवडत नाही, पण हवा फुकट येते. पहाटे कृष्णा चौकात कंपनीच्या बसची वाट बघायची, मग नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण. घरी आईला सांगितलेलं असतं, "ऑफिसर झालोय." आई विचारते, "पोलिसात का?"

पोलिसात असते तर बरं झालं असतं, असं त्यांना पहिल्याच आठवड्यात वाटतं. कारण या ऑफिसरचं सगळं काम एका शब्दावर उभं आहे, 'थांबा'. आणि वडीलधाऱ्या माणसाला थांबवायची सोय आपल्या बोलण्यात नाही. मुलं म्हणतात, "काका, जरा थांबता का?" यात 'काका'ने अर्धा अधिकार गेला, 'जरा'ने उरलेला गेला, आणि 'का'ने उत्तर द्यायची मुभा दिली. काका म्हणतात, "हो रे बाळा," आणि ग्राइंडर चालू ठेवतात. सुरक्षा सप्ताहाच्या फलकांवर एवढे धोके रंगवलेले असतात, पण 'जरा' या शब्दाचं चित्र अजून कुणी काढलेलं नाही.

माझं काय झालं ते सांगते. भोसरीत मी केमिस्ट म्हणून लागले, सेफ्टीचा डिप्लोमा नंतर केला. सुरुवातीला शॉपवर 'थांबा' म्हटलं की लोक माझ्या मागे कोण साहेब उभा आहे ते बघायचे. मग मी 'मॅडम' झाले. मॅडमला हो म्हणायचं असतं आणि तिची पाठ वळली की मशीनचं गार्ड काढायचं असतं. पस्तिशीला 'ताई' झाले. ताईचं ऐकतात, पण तिला समजावतातही : "ताई, वीस वर्षं हेच करतोय. काही होत नाही." जुन्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे त्या क्षणी हात डायमध्ये असूच शकत नाही. म्हणून एक बटण काडी खुपसून कायमचं दाबलेलं ठेवायचं, की एक हात माल भरायला मोकळा! तासाला पीस वाढतात. त्या मोकळ्या हाताचं पुढे काय होतं, ते भोसरीतल्या चहाच्या टपरीवर ग्लास धरणारी बोटं मोजली तर कळतं.

मग पन्नाशी आली, केस पिकले. एके दिवशी प्रेस शॉपमधून कुजबुज ऐकू आली, "काकू आल्या, काकू आल्या," आणि पाठोपाठ काडी काढून खिशात टाकल्याची हालचाल. मला जरा लागलं. घरी येऊन आरशात बघितलं. पण त्या दिवशी एक गोष्ट उमगली. मराठी माणूस साहेबाला फसवतो, मॅडमला टाळतो, ताईला समजावतो, पण काकूला घाबरतो. जो अधिकार मला डिप्लोम्याने दिला नाही, तो पांढऱ्या केसांनी दिला. आता तेवीस वर्षांच्या मुलीला मी काय मार्गदर्शन करू? "थांब, तीस वर्षांनी काकू होशील"?

कायदाही या बाबतीत त्यांच्या फार मदतीला येत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 40-बी आलं आणि साधारणपणे हजार कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमणं भाग पडलं. भोपाळच्या 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 च्या दुरुस्तीत, धोकादायक कारखान्यांसाठी सुरक्षा समिती आली, निम्मे कामगार आणि निम्मे व्यवस्थापनाचे. आता नव्या कामगार संहितेने हजाराचे पाचशे केले, धोकादायक कामांत अडीचशे. चांगलंच झालं. पण सुरक्षा अधिकाऱ्याची कर्तव्यं वाचा. सल्ला देणे, साहाय्य करणे. बंद पाडणे हे क्रियापद काही सापडत नाही.

हे मी एका बैठकीत तावातावाने मांडलं तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला, "म्हणजे विनंती थांबा." कंडक्टरकाका बोलत होते. आम्ही वळून बघितलं. "गावाच्या फाट्यावर पाटी असते ना, विनंती थांबा? तिथे एसटी थांबेलच असं नाही. माणूस उभा असला, त्याने हात केला, ड्रायव्हरला दिसला, गाडीत जागा असली आणि ड्रायव्हरच्या मनात असलं, तर थांबते. तुमची ही पोरं तशीच उभी आहेत, हात करून."

खोली शांत झाली. मग अध्यक्षांनी हा मुद्दा इतिवृत्तात घ्यायला सांगितला.

आणि जिथे कुणी हात करायलाही उभं नाही, अशा जागा वेगळ्याच. 8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या तडतडणाऱ्या मेणबत्त्या तिथे बनायच्या. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. तळवडं सांगवीहून काही लांब नाही. अशा शेडमध्ये सेफ्टी ऑफिसर नसतो. पाचशे काय, अडीचशे माणसंही तिथे कुठून यायची? पुढच्या बैठकीत फ्लेक्सचा विषय निघाला नाही. चहा आला, तो तसाच राहिला. मोठ्या कंपनीत लागलेला एक मुलगा म्हणाला, "आमच्या व्हेंडरच्या व्हेंडरकडे रविवारी मी जाऊन बघू का? फुकट." बघता बघता सात जणांनी हात वर केले. हाइन्रिशच्या त्रिकोणाच्या टोकावरचं ते एक काम मला तेव्हा सापडलं.

असे छोट्या शेडमध्ये जाऊ लागल्यावर मुलं आम्हालाच शिकवायला लागली. आम्ही त्यांना 'निअर मिस' नोंदवायचे फॉर्म दिले होते, चार पानी, तीन प्रतींत. एकही भरून आला नाही. आळंदीचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, नोंद होते. फक्त फॉर्मवर होत नाही. थोडक्यात वाचलो की लोक मारुतीला नारळ फोडतात. मी आता देवळाच्या पुजाऱ्याला विचारतो, या आठवड्यात आमच्या लाइनचे किती आले होते." दुसरीने बघितलं, की दारावरची लिंबू-मिरची दर शनिवारी न चुकता बदलली जाते आणि आगीच्या सिलिंडरचा काटा वर्षभर कुणी बघत नाही. तिने लिंबू-मिरचीवाल्यालाच पटवलं. आता तो दोरा बांधतो आणि हाक मारतो, "सिलिंडर बघा!" शेडचा मालक उठतो. ऑडिटरच्या सांगण्याने उठला नसता.

त्याच आळंदीच्या मुलाने एकदा वारीतली गोष्ट सांगितली. माउलींची पालखी मुक्कामी पोचते तेव्हा समाजआरतीआधी चोपदार दंड उंच करतो आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती गप्प होत नाही, टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथवर जातात, ऐकून घेतात, तेव्हा टाळ थांबतात. "मॅडम," तो म्हणाला, "तिथे चार पानी फॉर्म नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. आळंदीच्या आसपास आम्ही इतके कारखाने उभे केले आणि तक्रारपेटीला मात्र कुलूप लावून तिची किल्ली एचआरकडे दिली.

एवढं सगळं म्हणजे आम्ही सारे गंभीर लोक, असं समजू नका. हेल्मेटचा विषय निघाला की आमची अवस्था बघण्यासारखी होते. पुण्यात 2019 च्या पहिल्या दिवसापासून हेल्मेटची कारवाई कडक झाली, तेव्हा तिच्या विरोधात रीतसर कृती समिती उभी होती आणि मोर्चेही निघाले. आमचे अध्यक्ष उसासा टाकून म्हणतात, "त्यांच्या सभेला गर्दी व्हायची हो." दर 4 मार्चला, म्हणजे 1966 साली राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली त्या दिवशी, आम्ही हात पुढे करून सुरक्षेची शपथ घेतो. एका वर्षी शपथ घेऊन बाहेर आलो तर एक सदस्य हेल्मेट हँडलला अडकवून निघाले होते. "सांगवीतल्या सांगवीत काय घालायचं!" असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांना थांबवलं नाही. ते वयाने मोठे होते.

मग एकदा लातूरची एक मुलगी आली ती रडवेली होऊन. चाकणच्या एका कारखान्यात टाकी साफ करायची होती. टाकीत उतरायचा परमिट सकाळी निघाला, हवा तपासली, जेवणाची सुट्टी झाली. दुपारी कंत्राटदाराची चार माणसं उतरायला लागली तेव्हा हिने पुन्हा हवा तपासायला सांगितलं. मीटर दुसऱ्या प्लांटवर होता. ही म्हणाली, "थांबा." 'जरा' नाही, 'काका' नाही, 'का' नाही. नुसतं "थांबा." समितीत आम्ही सराव घेतला होता त्याचा. अध्यक्ष कंत्राटदार व्हायचे, आणि ती भूमिका ते इतकी छान करायचे, की दोन मुलं नोकरी सोडायच्या बेतात आली होती.

माणसं थांबली. चाळीस मिनिटांनी मीटर आला. हवेत ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली गेला तर आत उतरायचं नसतं. आकडा आला 20.9. अगदी रानातल्या हवेसारखा. सगळे हसले. कंत्राटदार म्हणाला, "ताई, आता हवा बरी आहे ना?" संध्याकाळी वरून मेल आला, चाळीस मिनिटं वाया का गेली याचा खुलासा करावा.

"काहीच निघालं नाही, मॅडम," ती म्हणाली. "काही निघालं असतं तर बरं झालं असतं." म्हणाली आणि स्वतःच दचकली.

आम्ही सगळे ज्येष्ठ एकदम बोलायला लागलो. कलमं, नियम, उदाहरणं. कंडक्टरकाकांनी हात वर केला.

"आमच्या गाडीला दोरी असायची," ते म्हणाले. "कंडक्टरने ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि ड्रायव्हर पन्नासच्या पुढचे. मी त्यांना अहो-जाहो करायचो, त्यांचा डबा धुवायचो. पण एक घंटी झाली की ते ब्रेक मारायचे. का, ते नंतर विचारायचे. कधी म्हातारी उतरायची राहिलेली असायची, कधी टपावरची टोपली घसरलेली. आणि कधी माझ्याच कोपराने दोरी ओढली जायची. तेव्हा शिव्या बसायच्या, कडक. पण पुढच्या घंटीला ते पुन्हा थांबायचे. चुकीची घंटी झाली म्हणून घंटीवरचा विश्वास काढून घेतला, तर गाडीत कंडक्टर ठेवायचाच कशाला?"

मोटारींच्या काही मोठ्या कारखान्यांत अशीच दोरी असते. तिला अँडॉनची दोरी म्हणतात. अँडॉन हा जपानी शब्द. मूळ अर्थ कागदी कंदील. लाइनवरच्या कुणाही कामगाराने ओढली की लाइन थांबवता येते. तिच्यावरची किती प्रेझेंटेशनं मी पाहिली असतील! दोरी आमच्या एसटीत पहिल्यापासून होती, पण तिच्यावर कुणी स्लाइड केली नाही.

त्या दिवशी घरी जाताना नदीवरून गेले. सांगवीला दोन्हीकडून पाणी आहे. पवना धरणातून सोडलं की पवना चढते, मुळशीतून सोडलं की मुळा. एका जुलैत रात्री अकराला भोंगा फिरला, विसर्ग वाढतोय, खालच्या मजल्यांवरच्यांनी सामान हलवा. आम्ही फ्रीज जिन्याने वर चढवला. पाणी पायरीशी आलं आणि तिथूनच परत गेलं. सकाळी अख्खी गल्ली भोंगेवाल्याच्या नावाने हसत होती. माझे यजमान तर कंबर धरून हसत होते. फ्रीज त्यांनी उचलला होता. पुढच्या खेपेला भोंगा झाला तेव्हा आमच्या गल्लीत निम्म्या लोकांनीच सामान हलवलं. त्या रात्री पाणी ओट्यापर्यंत आलं. भोंगा दोन्ही वेळा बरोबर होता, पण एवढं समजायला आम्हाला एक फ्रीज लागला.

लातूरच्या मुलीला खुलाशाचं उत्तर आम्ही सगळ्यांनी मिळून लिहून दिलं. तीन ओळींचं. तिसरी ओळ कंडक्टरकाकांची होती : 'अशी परिस्थिती पुन्हा आल्यास पुन्हा थांबवण्यात येईल.' त्यांची छापली गेलेली पहिली ओळ हीच, असं ते आता सांगतात.

गेल्या रविवारी मेळाव्याला एकोणतीस जण होते. 29 आकडा बघून आम्ही जुने लोक एकमेकांकडे पाहून हसलो. अध्यक्ष प्रास्ताविकाला उभे राहिले. त्यांचं प्रास्ताविक पंधरा मिनिटांनी रंगात येतं आणि चाळिसाव्या मिनिटाला आत्मचरित्रात शिरतं. बाहेर चहा आला होता, पण आणणाऱ्या मुलाला मागून आत यायला वाट नव्हती. तो मागच्या दाराच्या काचेतून किटली दाखवत होता, आणि दारासमोर मखर होतं.

"सर, थांबा."

लातूरची मुलगी उभी होती. अध्यक्षांचं वाक्य अर्ध्यावर होतं, त्यात 1985 साल नुकतंच उजाडलं होतं. ते थांबले. खरोखरच थांबले, तोंड उघडं ठेवून. मग, नंतर, विचारलं, "का?"

"मखर," ती म्हणाली.

एकोणतीस जण उठले. ढोल कोपऱ्यात गेले, खुर्च्यांची चळत खाली उतरली, मखर दोघांनी उचलून बाहेर ओसरीत ठेवलं. सहा मिनिटं लागली. दीड वर्ष विचाराधीन असलेला विषय. दार उघडलं तशी नदीवरची हवा आत आली आणि तिच्यामागून किटली.

सगळे जागेवर बसले. अध्यक्ष अजून उभेच होते, पुढे जावं की नाही अशा चेहऱ्याने. कंडक्टरकाकांनी स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवला. टण् टण्.

भाषण पुढे निघालं.